मान आणि धड यांचा सांधा

सॉलिडबॉडी इलेक्ट्रिक गिटारचा नेक आणि बॉडी, म्हणजे वाद्याची मान आणि धड, जिथे एकत्र येतात तो सांधा बहुतेक वाद्यांत तीन-चार इंचांपेक्षा लांब नसतो. त्याच्यावर येणारा भार मात्र मोठा असतो. 648 मिलिमीटर तारलांबीच्या गिटारवर 0.010 ते 0.046 इंच जाडीचा नेहमीचा संच चढवून तो प्रचलित स्वरांत लावला, की सहा तारांचा मिळून ताण 47 किलोच्या आसपास जातो. वाद्य वाजत असो वा भिंतीला टांगलेले असो, हा ताण सुटत नाही. तारा नेकच्या वरून जातात, त्यामुळे त्या नेकला नुसत्या ब्रिजच्या दिशेने ओढत नाहीत, पुढेही वाकवतात. नेकचे डोके उचलले जाऊ पाहते, त्याचे बुड खोबणीत दाबले जाते आणि खोबणीच्या तोंडाशी नेक बॉडीपासून सुटू पाहतो. सांध्याने ही ओढ वर्षानुवर्षे, एका केसाइतकेही न सरकता पेलायची असते.

नुसते घट्ट धरून ठेवणे हा त्यातला सोपा भाग झाला. अवघड भाग भूमितीचा. नेकची मध्यरेषा ब्रिजच्या मध्यातून गेली पाहिजे, नाहीतर पहिली किंवा सहावी तार फिंगरबोर्डच्या कडेवरून घसरते. बाजूने पाहता नेकचा कोन असा हवा, की तारा बाराव्या फ्रेटवर दीड-दोन मिलिमीटर उंचीवर राहतील आणि तरीही ब्रिज त्याच्या हालचालीच्या मर्यादेत बसेल. शिवाय वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताला वरच्या फ्रेटपर्यंत जायला वाट हवी. म्हणजे जिथे जास्तीत जास्त लाकूड असावे असे कारागिराला वाटते, तिथेच वादकाला ते कमीत कमी हवे असते. सांध्याचे सगळे प्रकार या ओढाताणीतून निघाले.

प्रकार मुख्यतः तीन : स्क्रूंनी आवळलेला नेक, गोंदाने कायमचा बसवलेला नेक आणि बॉडीच्या आरपार जाणारा नेक. यांतला कोणता चांगला वाजतो यावर गिटारवाल्यांत खूप वाद झाले आहेत. पण बनवणाऱ्याच्या दृष्टीने त्यांच्यातला खरा फरक दुसराच आहे. मोजमापातली चूक कोणत्या क्षणी कायमची होते, हे प्रत्येक सांधा ठरवतो. स्क्रूच्या नेकमध्ये ती कधीच कायमची होत नाही, गोंदाच्या नेकमध्ये शिकंजे आवळताना होते आणि आरपार नेकमध्ये पहिल्या कापालाच होते.

जुन्या वाद्यांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला होता. स्त्रादिवारीच्या काळात व्हायोलिनची मान आतल्या ठोकळ्याला खिळ्यांनी जोडत. पुढे खाच करून ती बसवण्याची रीत आली. स्पॅनिश गिटारमध्ये पेटीच्या बाजू मानेच्या बुडाला पाडलेल्या चिरांत शिरतात, म्हणजे मान आणि पेटी एकत्रच जन्माला येतात. मार्टिनच्या स्टीलच्या तारांच्या गिटारांनी डव्हटेल सांधा रूढ केला. मिरजेच्या सतारमेकरांकडे दांडी आणि भोपळा यांच्या मध्ये गुलू असतो. पोकळ, पातळ भोपळ्यावर लांब दांडीचा भार थेट टाकता येत नाही, म्हणून हा लाकडी दुवा. या सगळ्या वाद्यांत आवाज पेटीतून किंवा भोपळ्यातून येतो, आणि सांधा करताना त्या नाजूक पोकळीला जपावे लागते.

सॉलिडबॉडीत ती पोकळीच नाही. तारांची हालचाल चुंबकीय पिकअप टिपतो; बॉडी म्हणजे साधारण पावणेदोन इंच जाडीचे भरीव लाकूड. त्यात हवी तेवढी खोल खोबण पाडता येते, स्क्रू घालता येतात, आरपार कापता येते. रिकनबॅकरच्या 1932 सालच्या ‘फ्राइंग पॅन’ या हवाईयन गिटारमध्ये तर मान आणि धड मिळून ॲल्युमिनियमचा एकच ओतीव तुकडा होता, तिथे सांध्याचा प्रश्नच आला नाही. त्याच कंपनीने 1930च्या दशकाच्या मध्यावर बेकेलाइटची गिटार केली, तिचा नेक काढता-घालता येत असे. लाकडी सॉलिडबॉडीला हा विचार पूर्णपणे लागू केला तो कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांनी.

फेंडर यांचा मूळ धंदा रेडिओ दुरुस्तीचा. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वाद्याकडे ते दुरुस्तीच्या बाकावरून पाहत. रेडिओतला बिघडलेला भाग काढून नवा बसवतात, तसा झिजलेल्या फ्रेटांचा नेक काढून नवा का बसवू नये? 1950 साली एस्क्वायर आणि ब्रॉडकास्टर या नावांनी बाजारात आलेली आणि पुढच्याच वर्षी टेलिकास्टर हे नाव मिळालेली गिटार याच विचारातून घडली. ॲशच्या सपाट फळीची बॉडी, अखंड मेपलचा नेक आणि दोघांना आवळणारे चार स्क्रू, मागे पोलादी पट्टीवर. 1954च्या स्ट्रॅटोकास्टरनेही हाच सांधा घेतला. सुरुवातीच्या एस्क्वायरच्या नेकमध्ये ट्रस रॉड, म्हणजे वाकण्याला अडवणारी आतली धातूची सळई, नव्हता; नेक वाकू लागले आणि त्याच वर्षी रॉड घालावा लागला. सांधा मात्र पहिल्याच फेरीत जमला होता.

या सांध्याला सर्रास ‘बोल्ट-ऑन’ म्हणतात, पण मूळ रचनेत बोल्ट नाहीत. आहेत ते सुमारे 45 मिलिमीटर लांबीचे लाकडाचे स्क्रू. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण सांध्याचे सगळे बळ त्यावर अवलंबून असते. बॉडीतली भोके स्क्रूच्या आट्यांपेक्षा किंचित मोठी पाडायची असतात, म्हणजे स्क्रू बॉडीतून मोकळा सरकतो आणि फक्त नेकच्या मेपलमध्ये पकड घेतो. मग आवळताना पट्टी आणि नेक यांच्या मध्ये बॉडी चिमटली जाते. नवशिक्या कारागिराने बॉडीतही आटे पाडले, तर दोन्ही लाकडे स्क्रूवर आपापल्या जागी अडकतात. मधे कागदाएवढी फट राहिली तर कितीही आवळले तरी ती मिटत नाही. बाहेरून सांधा ठीक दिसतो आणि तारा काही केल्या स्वरात टिकत नाहीत.

फेंडरच्या रचनेचे दुसरे मर्म तिच्या मापांत आहे. नेकच्या बुडाची जाडी फिंगरबोर्डसह सुमारे 25.4 मिलिमीटर, म्हणजे एक इंच. खोबणीची खोली पाच अष्टमांश इंच, साधारण 16 मिलिमीटर. उरलेले साडेनऊ मिलिमीटर फिंगरबोर्ड बॉडीच्या वर उभा राहतो. त्यावर फ्रेटची उंची आणि तारांसाठी सोडलेली जागा धरली की तेरा-चौदा मिलिमीटर होतात, आणि फेंडरच्या ब्रिजवरचे सॅडल आरामात त्या उंचीवर येतात. त्यामुळे नेकला कोन द्यावा लागत नाही. खोबणीचा तळ बॉडीच्या पृष्ठभागाला समांतर, नेक समांतर, सगळे सरळ. कोन नसेल तर साचा साधा होतो, आणि साचा साधा असेल तर तेच काम दिवसात शेकडो वेळा बिनचूक करता येते. या सांध्यातले शहाणपण कौतुकास्पद आहे ते या ठिकाणी.

खोबण पाडण्याची रीत आजही घरगुती कार्यशाळेपासून कारखान्यापर्यंत तत्त्वतः तीच आहे. आधी बॉडीवर मध्यरेषा आखतात. यापुढची सगळी मापे तिच्यावरून घ्यायची. एमडीएफ किंवा प्लायवूडचा साचा त्या रेषेवर चिकटवतात, मधले लाकूड रुंद बिटाने उपसतात आणि बेअरिंग असलेला राउटरचा बिट साच्याच्या कडेला टेकवून दोन-तीन मिलिमीटरच्या थरांनी खोली गाठतात. एका दमात खोल जाणारा राउटर लाकडाचा कोपरा उडवू शकतो, विशेषतः रेषा आडव्या फुटणाऱ्या ॲशमध्ये. बिट गोल असल्यामुळे खोबणीचे आतले कोपरे गोल राहतात. तेवढेच नेकच्या बुडाचे कोपरे गोल करतात किंवा खोबणीचे पटाशीने काटकोनात साफ करतात.

नेक खोबणीत बसवून वाद्य नुसत्या नेकने उचलावे आणि स्क्रूशिवाय बॉडी लोंबकळत राहावी, ही बसणीची जुनी कसोटी. कसोटी चांगली असली तरी तिचा अतिरेक नको. बाजूंनी फार आवळून बसलेला नेक हवा बदलली की खोबणीला ताण देतो. लाकूड रेषेच्या लांबीत जवळजवळ हलत नाही, पण आडव्या रेषेत आर्द्रतेबरोबर फुगते-आकसते. मुंबई किंवा कोकणातल्या पावसाळ्यात जो नेक हातोडीने बसवावा इतका तंग असतो, तोच नागपूरच्या उन्हाळ्यात सहज निघून येतो. रंगाचा थर हे सहन करत नाही, म्हणून असंख्य जुन्या गिटारांवर खोबणीच्या कोपऱ्यापासून निघालेले बारीक तडे दिसतात. ते बहुधा रंगाचे असतात, लाकडाचे नव्हेत. बाजूंना एका कागदाची मोकळीक आणि तळाला मात्र लाकडाला लाकूड पूर्ण टेकलेले, हा चोख सांधा. रंगकामाच्या वेळी खोबणीचा तळ झाकून ठेवावा तो याचसाठी. जुन्या फेंडरच्या बॉडी रंगवताना त्या धरायला खोबणीत एक पट्टी स्क्रूने बसवत. 1960च्या दशकातल्या गिटारच्या खोबणीत त्या पट्टीची बिनरंगी सावली आणि नेकच्या बुडावर पेन्सिलने किंवा शिक्क्याने उमटवलेली तारीख जाणकार आधी पाहतात. सांधा उघडता येतो म्हणून वाद्याची जन्मतारीख वाचता येते.

सांधा उघडता येण्याचा आणखी मोठा फायदा कोनाच्या दुरुस्तीत. खोबणीची लांबी सुमारे 76 मिलिमीटर. तिच्या ब्रिजकडच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरची पट्टी घातली, तर नेक 0.4 अंशापेक्षा थोडा कमी मागे झुकतो. ऐकायला हे काहीच नाही. पण नेक खोबणीच्या तोंडाशी, सोळाव्या फ्रेटजवळ टेकून फिरतो, आणि तिथून ब्रिज अडीचशे मिलिमीटरहून अधिक दूर असतो. अर्ध्या मिलिमीटरचे तिथे जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर होतात. सॅडल खाली नेऊन संपले आणि तारा तरी उंचच, हे दुखणे या एका पट्टीने मिटते. पट्टी कार्डबोर्डची असली आणि मागे पोकळी राहिली, तर वरच्या फ्रेटांशी नेकला हळूहळू उंचवटा येऊ शकतो. त्यामुळे संपूर्ण तळ भरणारी पाचरीसारखी लाकडी चकती लावणे केव्हाही चांगले. फेंडरने 1971 साली स्ट्रॅटोकास्टरवर तीन स्क्रूंचा सांधा आणला आणि त्यात नेक न काढता बाहेरून किल्लीने कोन बदलण्याची सोय केली. कल्पना चांगली होती. पण त्या दशकातल्या कित्येक वाद्यांत खोबणी सैल पडल्या होत्या, आणि सैल खोबणीत तीन स्क्रूंवरचा नेक बाजूला सरकतो. बदनामी स्क्रूंच्या संख्येच्या वाट्याला आली. दोष बहुतांशी खोबणीच्या मापाचा होता.

मिशिगनमधल्या कॅलमझूच्या गिब्सन कंपनीची परंपरा वेगळी. तिथे मॅन्डोलिन आणि कोरीव माथ्याच्या गिटारी घडत होत्या. नेक सरसाने बसवणे हे तिथल्या कारागिरांच्या हातात मुरलेले होते. 1952 साली गिब्सनने गिटारवादक लेस पॉल यांच्या नावाचे मॉडेल काढले तेव्हा महोगनीच्या बॉडीवर मेपलचा कोरीव माथा ठेवला आणि नेक गोंदाने बसवला. नेकच्या टोकाला लाकडाची जाड जीभ घडवतात, तिला टेनन म्हणतात. ती बॉडीतल्या खोबणीत जाते. त्या काळच्या वाद्यांत हा टेनन इतका लांब असे, की नेकजवळच्या पिकअपच्या खाली उघडा दिसे. 1969च्या सुमारास तो आखूड झाला.

पहिल्या लेस पॉलची गोष्ट कोनाचे महत्त्व जितके स्पष्ट करते तितके कुठलेही पाठ्यपुस्तक करणार नाही. नेकचा कोन फारच थोडा ठेवला गेला होता. त्यामुळे तारा बॉडीच्या इतक्या जवळून जात, की ट्रॅपीझ टेलपीसच्या दांड्यावरून नेण्याऐवजी त्या खालून गुंडाळाव्या लागल्या. उजव्या हाताचा तळवा तारांवर टेकवून आवाज दाबणे, जे लेस पॉल यांच्या वादनाचा प्राण होते, ते जमेना. 1953 मध्ये कोन वाढवला आणि तारा दांड्यावरून गेल्या. पुढे 1954-55 मध्ये ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज आला. कोनातली ही तूट भरून काढायला कारखान्याला साचे बदलावे लागले. तोवर विकलेल्या गिटारांत ती तूट गोंदाने कायमची झाली होती.

म्हणूनच गोंदाचा सांधा कापण्याआधी बाजूचे चित्र खऱ्या मापात कागदावर काढतात. सपाट बॉडीचे उदाहरण घेता येईल. तारलांबी 628.65 मिलिमीटर, नेक सोळाव्या फ्रेटवर बॉडीला मिळतो. तिथून ब्रिज सुमारे 250 मिलिमीटर. फिंगरबोर्ड आणि फ्रेट मिळून 7 मिलिमीटर. ट्यून-ओ-मॅटिकवर तारा बॉडीपासून 17 मिलिमीटर उंच हव्यात. त्यांच्या खाली 3 मिलिमीटर मोकळे सोडले, तर फ्रेटांची रेषा पुढे वाढवली असता ब्रिजपाशी 14 मिलिमीटरवर यायला हवी. म्हणजे अडीचशेत सात मिलिमीटरची चढण, साधारण 1.6 अंश. माथा कोरीव असेल तर ब्रिज आणखी वर जातो आणि कोन तीन-चार अंशांपर्यंत पोचतो. कापताना अर्धा अंश चुकला, तर ब्रिजपाशी दोन मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. ब्रिजच्या हालचालीतला बराचसा वाटा तो एकटाच खातो.

गोंदाच्या सांध्यात बळ येते ते टेननच्या दोन्ही गालांतून आणि तळातून, कारण तिथे लाकडाच्या लांब रेषा एकमेकींना भिडतात. टेननच्या टोकाच्या आडव्या कापावर गोंद नीट धरत नाही, त्याचा हिशोब धरू नये. कोरडी जोडणी इतकी चोख हवी, की टेनन हाताच्या दाबाने जावा आणि कागदाची पट्टी कुठेच सरकू नये. फट गोंदाने भरून काढण्याचा मोह आवरावा. जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस साठ अंश सेल्सिअसच्या आसपास गरम ठेवून लावतात. तो सुकल्यावर काचेसारखा कडक होतो आणि सततच्या ताणाखाली घसरत नाही. आज बहुतेक ठिकाणी पिवळा लाकडी गोंद वापरतात. साधा पांढरा पीव्हीए गोंद उष्णतेत आणि कायमच्या ओढीखाली हळूहळू सरकतो, आणि नेकच्या सांध्याला नेमकी तीच ओढ असते. गोंद लावल्यावर कारागिराच्या हाती काही मिनिटेच असतात, तेवढ्यात मध्यरेषेवर ताणलेला दोरा पुन्हा तपासायचा आणि शिकंजे आवळायचे.

वादकाच्या हातासाठी लाकूड कमी करत गेल्यास काय होते, हेही गिब्सनच्याच वाद्यांत दिसते. 1961 साली लेस पॉलचा आकार बदलून पातळ बॉडीची, दोन शिंगांची गिटार आली, तिला पुढे एसजी म्हणू लागले. नेक थेट बाविसाव्या फ्रेटजवळ बॉडीला मिळत होता. वरचे सगळे फ्रेट मोकळे झाले. पण सांध्याभोवती लाकूड थोडे आणि त्यातही पिकअपची खाच. हा सांधा दुबळा ठरला आणि त्या दशकात कंपनीने त्याची घडण पुन्हापुन्हा बदलली. त्याआधी दोन शिंगांच्या लेस पॉल स्पेशलमध्येही हेच झाले होते. तिथे नेककडचा पिकअप ब्रिजच्या दिशेने सरकवून मधे लाकूड राखावे लागले.

तिसऱ्या प्रकारात सांधाच नाहीसा होतो. डोक्यापासून बॉडीच्या बुडापर्यंत एकच दांडा, आणि दोन्ही बाजूंना बॉडीचे पंख चिकटवलेले. पॉल बिग्सबी यांनी 1948 मध्ये गायक-वादक मर्ल ट्रॅव्हिस यांच्यासाठी बनवलेली गिटार या घडणीची. रिकनबॅकरने 1957च्या 4000 बेसपासून ती आपली ओळख केली. गिब्सनची 1963ची फायरबर्ड, जिचे रूप मोटारींचे रचनाकार रे डीट्रिक यांनी आखले, तिच्यात महोगनी आणि अक्रोड यांच्या नऊ पट्ट्यांचा दांडा होता. यामाहाच्या 1976च्या एसजी 2000 मुळे ही घडण कार्लोस सँटाना यांच्या हाती दिसली. सांध्याखालचा हील नावाचा ठोकळाच नसल्याने अंगठा अडत नाही, आणि वादकाला हे लगेच जाणवते. कारागिराला मात्र एवढ्या लांबीचे सरळ, वाळलेले लाकूड शोधावे लागते. दांडा कापतानाच कोन ठरतो. नंतर बदलायला काही उरत नाही. पट्ट्या एकमेकींच्या उलट रेषांनी चिकटवतात तेही याच धास्तीने. एक पट्टी पिळू पाहिली तर शेजारची तिला अडवते.

आवाजाचे काय? आरपार नेकमुळे स्वर सर्वांत जास्त टिकतो, गोंदाचा त्याखालोखाल आणि स्क्रूचा सर्वांत कमी, हे इतक्या वेळा सांगितले गेले आहे की ते सिद्ध झाल्यासारखे वाटते. अमेरिकेतले वाद्यनिर्माते आर. एम. मोटोला यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच वाद्यावर तिन्ही सांधे पाळीपाळीने तपासले. त्यांच्या मोजणीत स्क्रूच्या सांध्याचा टिकाव उलट थोडा जास्तच भरला, आणि ऐकणाऱ्याला फरक ओळखता येईल इतका तो नव्हताच. एका वाद्यावरून नियम काढू नये, पण प्रचलित क्रमवारीला आधार नाही एवढे त्यातून दिसते. जर्मनीत हेल्मुट फ्लायशर यांनी इलेक्ट्रिक गिटारच्या ‘मृत’ जागांचा अभ्यास केला. नेकवर काही ठिकाणी एखादा स्वर लवकर विझतो, कारण त्या स्वराच्या कंपनसंख्येला नेक स्वतः हलतो आणि तारेतली ऊर्जा शोषतो. म्हणजे स्वर कुठे मरतो ते नेकच्या कडकपणाशी आणि वस्तुमानाशी जोडलेले आहे. सांध्यात फट असेल तर आवाज बिघडतो, हे खरे. घट्ट सांधा मग कोणत्याही प्रकारचा असो, चालतो.

आवाजाचा वाद चालू असतानाच काही कारागिरांनी लक्ष वळवले ते सांध्याच्या आकाराकडे. आयबानेझने चौकोनी पट्टी टाकून दिली, हील गोलसर घासली आणि चार स्क्रू तिरप्या मांडणीत स्वतंत्र धातूच्या चकत्यांवर बसवले. काही निर्माते नेकमध्ये आट्यांची धातूची नळी बसवून खरोखरचे बोल्ट वापरतात. नेक अनेकदा काढावा लागला तरी लाकडातले आटे झिजत नाहीत. केन पार्कर यांच्या 1993च्या पार्कर फ्लायमध्ये नेक आणि बॉडी हाताची बोटे एकमेकांत गुंफावीत तशा गुंफून चिकटवल्या, आणि हील जवळजवळ उरलीच नाही.

दुरुस्तीच्या बाकावर तिन्ही सांध्यांची वागणूक वेगळी. स्क्रूची भोके सैल झाली, तर ती मोठी करून कठीण लाकडाच्या गोल खुंट्या गोंदाने ठोकतात आणि नव्याने भोके पाडतात, तासाभराचे काम. गोंदाचा नेक कोन बदलल्यामुळे काढायचा असेल, तर वरचा एखादा फ्रेट उपसून त्या खाचेतून बारीक भोक सांध्यापर्यंत नेतात आणि वाफ सोडतात. सरस ओला आणि गरम झाला की सोडतो, पण वाफेने रंगाला पांढरे डाग पडतात आणि नंतर टेननचे गाल घासून पातळ लाकडाच्या चकत्यांनी पुन्हा भरावे लागतात. आरपार नेक बॉडीजवळ मोडला, तर बॉडीतून तिरका काप घेऊन जुना दांडा कापून काढतात आणि नवा नेक लांब उतरत्या जोडाने चिकटवतात. त्या गिटारला तेव्हा पहिल्यांदा सांधा येतो.